बारा फुटी बोटीला ट्रोलिंग मोटर: मोटर शेवटी घ्या, आधी मागची फळी आणि बॅटरी बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की इंदूरहून तुम्ही दोघं जण १२ फुटी फायबरची बोट घेऊन नर्मदेवरच्या इंदिरा सागर जलाशयावर गळ टाकायला जाता, वल्ही मारून मारून खांदे भरून येतात, म्हणून ५५ पाउंडची ट्रोलिंग मोटर, म्हणजे पाण्यात पंखा फिरवून बोट हळू सरकवणारी बॅटरीवरची मोटर, घ्यायचीय, तिला घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी चालेल का आणि मोटर मागे लावायची का पुढे. मी गेली सतरा-अठरा वर्षं इथे इंदुरात फायबरच्या बोटींची दुरुस्ती आणि मोटर फिटिंग करतोय, त्यामुळे जरा लांबच लिहितो. कारण प्रश्न येतो तो नेहमी मोटरचा येतो, आणि माझ्याकडे परत येते ती बोट मात्र फळी तुटली म्हणून नाहीतर वायर जळली म्हणून येते, मोटर बिचारी बहुतेक वेळा चांगलीच असते.

आधी पाउंडाचं. ५५ पाउंड म्हणजे मोटरचं वजन नाही, ती पाण्यात किती जोराने ढकलते ते, म्हणजे साधारण २५ किलोचा जोर. ४५ ची म्हणजे २० किलोच्या वर थोडं, ३० ची म्हणजे साडेतेरा किलो. हिशोब करायचा तर भरलेल्या बोटीच्या दर ४५ किलो वजनाला २ पाउंड जोर कमीत कमी धरतात. तुमची रिकामी बोट ६०-७० किलो असेल, दोन माणसं दीडशे, बॅटरी, गळांची बॅग, पाणी, डबा, सगळं मिळून ३०० किलो धरा, म्हणजे हिशोबाने १३-१४ पाउंड झाले. आता तुम्ही म्हणाल की मग ३० पुष्कळ झाली, तर तळ्यात पुष्कळच आहे, पण इंदिरा सागर म्हणजे साठ्याच्या मानाने देशातलं सगळ्यात मोठं जलाशय, तिथे दुपारी वारा सुटला की चांगल्या लाटा उठतात आणि हलक्या बोटीला वजनापेक्षा वाराच जास्त ढकलतो. तिथे हिशोबाच्या तिप्पट जोर हाताशी असावा असं माझं मत, म्हणजे ४५ तुम्हाला बरोब्बर, ५५ घेतली तरी चूक नाही.

पण एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या, ५५ ची मोटर ३० च्या दुप्पट पळत नाही. या मोटरींचा पंखा मुळात हळू चालायलाच बनवलेला असतो, तुमच्या बोटीवर कुठलीही लावा, वेग ताशी ५-६ किलोमीटरच्या आसपासच राहणार. जास्त पाउंड म्हणजे वाऱ्यासमोर टिकण्याची ताकद, पळायची नाही. ज्याला पलीकडच्या काठाला लवकर पोचायचंय त्याने पेट्रोलचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, बघावं. ट्रोलिंग मोटर म्हणजे मुक्कामावर पोचल्यावर मासा बिचकू न देता काठाकाठाने सरकायला. हे नाव ज्यांनी जगभर नेलं त्या मिन कोटा कंपनीची सुरुवातच १९३४ साली अमेरिकेत नॉर्थ डकोटाच्या फार्गो गावात झाली, मिनेसोटा आणि डकोटा ही दोन नावं जोडून मिन कोटा, सगळा तळ्यांचा मुलूख, शांत पाण्यात हळू सरकत मासेमारी, मोटर त्यासाठीच जन्मली आहे.

५५ पर्यंतच्या मोटरी १२ व्होल्टवर चालतात, त्याच्या वर ७०-८० ला २४ व्होल्ट लागतात म्हणजे दोन बॅटऱ्या, तुमच्या बोटीत त्याची काही गरज नाही. घेताना एवढं नक्की बघा की स्पीड कंट्रोल पाच टप्प्यांचा आहे का डिजिटल, म्हणजे पीडब्ल्यूएमचा, जो वीज भराभर चालू-बंद करून वेग कमी-जास्त करतो. पाच टप्प्यांची स्वस्त पडते, मजबूतही असते, पण हळू चालवताना बरीचशी वीज नुसती गरम होण्यात जाते, आणि तुम्ही दिवसभर चालवणार तर हळूच. पीडब्ल्यूएमवाली हळू चालताना खरोखरच थोडी वीज घेते. बोटीचं असं आहे की वेग अर्धा केला तर लागणारी ताकद साधारण आठवा हिस्सा होते, तो फायदा घ्यायचा तर पीडब्ल्यूएमच पाहिजे. बजेट कमी पडत असेल तर पाउंड कमी करा पण कंट्रोल डिजिटल घ्या.

आता बॅटरी, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. घरची इन्व्हर्टरची ट्यूब्युलर, म्हणजे लेड-ॲसिडची मोठी बॅटरी, बोटीत नेऊ नका. एक तर ती ५०-६० किलोची, म्हणजे अर्ध्या माणसापेक्षा जास्तच. दुसरं, तिच्यात ॲसिड मोकळं असतं आणि ती उंच असते, बोट कलली की ती पण कलते. माझ्या स्वतःच्या बोटीत सुरुवातीच्या काळात अशी बॅटरी आडवी झाली होती, ॲसिड तळात सांडलं, आम्ही काठापासून लांब होतो आणि पाय वर घेऊन बसण्याशिवाय काही करता येत नव्हतं, घरी येऊन बघितलं तर चपलांचे पट्टे गळून पडत होते. त्या दिवसापासून मोकळ्या ॲसिडची बॅटरी मी कोणाच्याच बोटीत बसवत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणू दे.

आणि तिसरं कारण हिशोबाचं. बॅटरीच्या डब्यावर १५० एएच म्हणजे अँपिअर-तास लिहिलेलं असतं ते २० तासांच्या दराने, म्हणजे साडेसात अँपिअर घेत राहिलात तर २० तास. ५५ ची मोटर फुल्ल स्पीडला ५० अँपिअर ओढते, तेवढ्या ओढीला लेडची बॅटरी लिहिलेल्यापेक्षा खूपच कमी देते, त्यात तिला अर्ध्याच्या खाली उतरवली तर तिचं आयुष्य भराभर संपतं. कारची बॅटरी तर त्याहून वाईट, तिच्या प्लेटा पातळ असतात, दोन सेकंद स्टार्टर फिरवायला बनवलेली, तिला तासभर पिळलीत तर एका सीझनमध्ये मरते.

१२.८ व्होल्टची १०० एएच लिथियम फॉस्फेट घ्या, एलएफपी म्हणतात ती. वजन ११-१२ किलो, एका हाताने उचलून गाडीत ठेवता येते, आणि त्यातलं ८०-९० एएच खरंच वापरता येतं. ४५ ची मोटर फुल्लला ४०-४२ अँपिअर घेते म्हणजे सलग दोन तास, पण फुल्लवर कोणी मासे पकडत नाही, सरकत राहिलात तर सकाळ ते दुपार आरामात निघते. घेताना विचारा की आतला बीएमएस, म्हणजे बॅटरीला जपणारं सर्किट, किती अँपिअरचा आहे, १०० चा पाहिजे. ३०-४० अँपिअरचे बीएमएस टाकलेल्या बॅटऱ्या पण बाजारात आहेत, त्या मोटर जोरात फिरवली की फटकन बंद होतात आणि माणूस मोटरला दोष देत बसतो. चार्जर पण लिथियमचाच, १४.४ ते १४.६ व्होल्टवाला, घरच्या इन्व्हर्टरला जोडून चार्ज करायचा जुगाड करू नका. आणि मे महिन्यात बॅटरी बंद गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवू नका, बोटीतही तिच्यावर ओलं पोतं किंवा पांढरं कापड पाहिजे.

वायर. हे सगळ्यात दुर्लक्षित प्रकरण आहे. घरातल्या पॉइंटची अडीच किंवा चार एमएमची वायर घेऊन लोक मोटर जोडतात कारण "बारा व्होल्टच तर आहे, शॉक थोडाच बसणार". अहो व्होल्ट कमी आहेत म्हणूनच अँपिअर जास्त आहेत, आणि वायर तापते ती अँपिअरने. बॅटरी पुढे आणि मोटर मागे असली तर जाऊन-येऊन ८ मीटर वायर होते. चार एमएमच्या तांब्याच्या वायरीत ५० अँपिअरला पावणेदोन व्होल्टच्या वर वायरीतच संपतात, म्हणजे ९० वॉटचा हीटर बोटीच्या बाजूला गुंडाळून ठेवल्यासारखं आहे, आणि मोटरला मिळतात जेमतेम ११. तीच वायर १६ एमएमची घेतली तर अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी जातो. सियागंज-महाराणी रोडच्या बाजूला लवचिक वेल्डिंग केबल मिळते ती छान असते, फक्त सोलून बघा तांब्याचीच आहे ना, ॲल्युमिनियमची पण तशीच दिसते आणि पाण्याजवळ तिचे जोड सडतात.

टोकाला लग म्हणजे थिंबल लावायचं ते पक्कडीने चेपून नाही, हायड्रॉलिक क्रिंपरने, कुठलाही पॅनेलवाला दोन मिनिटांत करून देतो, वरून गोंदवाली हीट श्रिंक ट्यूब चढवा म्हणजे पाणी वायरीच्या आत चढत नाही. मगरचिमटे तर अजिबात नको. बॅटरीच्या प्लसपासून जितकं जवळ जमेल तितकं जवळ ६० अँपिअरचा ब्रेकर. घरातला एसीचा एमसीबी लावू नका, डीसीची ठिणगी तो नीट तोडत नाही, सोलरवाल्यांकडे ६३ अँपिअरचा डीसी एमसीबी मिळतो तो घ्या आणि त्याच्यावर प्लस-मायनस लिहिलेलं असतं त्याप्रमाणेच जोडा. हा ब्रेकर कशाला, तर पंख्यात काही अडकून मोटर जाम झाली की ती नेहमीपेक्षा कितीतरी जास्त अँपिअर ओढते, त्यावेळी काहीतरी सुटलं पाहिजे, नाहीतर वायर पेटते. फायबरच्या बोटीत, पाण्याच्या मध्यभागी, वायर पेटणं म्हणजे काय ते सांगायला नको.

आता मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, माझ्या दृष्टीने हाच खरा मुद्दा. बघा, २५ किलोचा जोर आहे पण तो लागतो कुठे, तर पंख्यापाशी, फळीच्या वरच्या काठापासून साधारण ६० सेंटिमीटर खाली. आणि मोटरचा क्लँप फळीला धरतो फक्त ८-१० सेंटिमीटरच्या पट्ट्यात. म्हणजे पहार घालून दगड उचकटतो ना, अगदी तसा प्रकार झाला, क्लँपच्या टोकाशी दीडशे किलोच्या आसपास जोर येतो, पुढे जाताना एका बाजूला, रिव्हर्स घेतला की उलट बाजूला. दिवसभर असं मागेपुढे होत राहिलं की फळीच्या फायबरच्या आतला सडका प्लाय चुरा व्हायला वेळ लागत नाही.

तुमची बोट जुनी घेतलेली असेल तर आधी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने फळी सगळीकडे ठोकून बघा. चांगल्या ठिकाणी टणक, टक्-टक् आवाज येतो, सडलेल्या ठिकाणी भद्द येतो, नारळ बघतो तसं कानाने कळतं. जुन्या स्क्रूंच्या भोकांच्या आजूबाजूला हमखास सडलेलं असतं कारण पाणी तिथूनच आत शिरतं. भद्द आवाजाचा भाग मोठा असेल तर मोटर विसरा, आधी फळी नवीन करून घ्या.

फळी चांगली असली तरी मी बाहेरून एक पॅड लावतोच. १८ एमएमचा मरीन प्लाय, ज्याच्यावर आयएस ७१० छापलेलं असतं तोच, आयएस ३०३ चा कमर्शियल प्लाय दुकानदार "वॉटरप्रूफच आहे साहेब" म्हणून देईल पण तो रोजच्या पाण्यासाठी नाही. पॅड कापून झाला की चारी कडांना दोन हात इपॉक्सी, कारण प्लाय पाणी पितो तो कडेने. आतल्या बाजूला ५ एमएमची ॲल्युमिनियमची पट्टी, आणि मधून ८ एमएमचे चार स्टेनलेस बोल्ट आरपार, मोठे वॉशर, थरथरून सैल न होणारे नायलॉकचे नट. लाकडी स्क्रू एकही नाही. भोकं पाडायची माझी पद्धत अशी की आधी १२ एमएमचं पाडायचं, त्यात इपॉक्सी भरून सुकू द्यायचं आणि मग त्याच्यात ८ चं पाडायचं, म्हणजे बोल्टभोवती इपॉक्सीची बांगडी तयार होते आणि पाणी प्लायपर्यंत पोचतच नाही. कंटाळवाणं काम आहे, दोन दिवस जातात, पण दहा वर्षं फळीकडे बघावं लागत नाही. पॅडच्या मागे पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, बाथरूमचा सिलिकॉन नको. आणि सगळं झाल्यावर क्लँपचं तोंड मोजून घ्या, पॅड धरून फळी दोन इंचांच्या फार पुढे गेली तर बरेच क्लँप चढत नाहीत, म्हणून पॅडची जाडी मोटरचं तोंड बघून ठरवायची.

शाफ्टची, म्हणजे मोटरच्या उभ्या दांड्याची, लांबी कागदावरून नाही, पाण्यात ठरते. बोट पाण्यात टाका, दोघं आपापल्या जागी बसा, बॅटरी-सामान ठेवा, आणि फळीच्या वरच्या काठापासून पाण्यापर्यंत अंतर मोजा. १० इंचांपर्यंत असेल तर ३० इंची शाफ्ट पुरतो, १० ते १६ असेल तर ३६. पंख्याच्या पात्याचं वरचं टोक पाण्याखाली ९ ते १२ इंच पाहिजे. कमी असलं की हवा ओढून गुळण्या केल्यासारखा आवाज येतो आणि जोर एकदम पडतो, लोकांना वाटतं बॅटरी उतरली.

मागे का पुढे. खरं सांगायचं तर पुढे लावलेली मोटर बोटीला जास्त चांगली सांभाळते. सुतळी टेबलावर ठेवून मागून ढकलून बघा, वाकडी होते, पुढून ओढा, सरळ येते. वाऱ्यात हा फरक फार जाणवतो. पण पुढे लावायला सपाट डेक पाहिजे, शाफ्ट लांब पाहिजे कारण लाटेवर बोटीचं नाक वर-खाली होतं, आणि १२ फुटीचं पुढचं टोक निमुळतं असतं, तिथे माणूस वाकला की तोल जातो. म्हणून तुम्ही मागेच लावा. फक्त असं करू नका की मोटर मागे, चालवणारा मागे आणि बॅटरी पण मागे, मग नाक आभाळाकडे जातं आणि वारा बोटीला भोवऱ्यासारखा फिरवतो. बॅटरी पुढे, पट्ट्याने बांधून, म्हणूनच तर ती १६ एमएमची वायर. पुढे-मागे डेकवाली बोट घेतलीत आणि जीपीएसने एका जागी उभी राहणारी मोटर घ्यावीशी वाटली तर तेव्हा पुढचं बघू, ती चीज सुंदर आहे, पण या बोटीला नाही.

तुमच्या पाण्याबद्दल एक वेगळं सांगतो. इंदिरा सागरच्या पोटात जंगल आहे, गावं आहेत, २००४ मध्ये हरसूद गाव बुडालं ते याच पाण्यात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की झाडांचे बुंधे पृष्ठभागाच्या हातभर खाली उभे असतात, वरून काही दिसत नाही. माझ्या एका मित्राची मोटर तशाच बुंध्यावर आदळली, क्लँपचे स्क्रू आधीच थरथरून सैल झालेले, मोटर फळीवरून निसटून सरळ पाण्यात. वाचली ती केवळ जाड नायलॉनच्या दोरीने तिला बोटीच्या कडीला बांधलेलं होतं म्हणून. ही दोरी आजच बांधा, मोटर यायच्या आधी कडी बसवून ठेवा, आणि दर तासाला हाताने क्लँप आवळून बघायची सवय लावा. उथळ भागात मोटर तिरकी वर उचलता येईल असा लॉक असतो, तो चालू आहे ना ते दुकानातच बघा.

पंख्याच्या मागे एक छोटी पिन असते, आदळल्यावर ती तुटते आणि मोटर वाचते, तिच्यासाठीच ती असते. तिच्या जागी खिळा घालू नका. दोन जास्तीच्या पिना, एक नट आणि पाना एका डबीत घालून बोटीतच ठेवा. आणि दर दोन-तीन फेऱ्यांनंतर पंखा काढून त्याच्या मागे बघा, नायलॉनची लाईन तिथे गुंडाळलेली सापडतेच, ती हळूहळू सील कापते, पाणी मोटरच्या आत जातं आणि मग आतून गंज. माझ्याकडे उघडायला येणाऱ्या मोटरींत हेच कारण सगळ्यात जास्त. पाच मिनिटांचं काम आहे, प्लीज करा.

मोटर आली की खरी किती पाउंडची आहे ते घरच्या घरी तपासता येतं. बोट काठाजवळ पाण्यात ठेवा, मागून दोरी झाडाला बांधा, मध्ये लटकता डिजिटल काटा अडकवा, बॅटरी फुल्ल चार्ज करून मोटर फुल्ल स्पीडला चालवा. ५५ ची असेल तर काटा २४-२५ किलो दाखवेल. १५-१६ दाखवला तर आधी मोटर चालू असताना मोटरपाशीच व्होल्ट मोजा, १२ च्या खूप खाली असतील तर गुन्हेगार वायर किंवा जोड आहे, व्होल्ट ठीक असतील तर डब्यावरचा आकडा खोटा. बिननावाच्या मोटरींत हे मी बऱ्याच वेळा बघितलंय, म्हणून परत घेण्याची मुदत संपायच्या आत हा काटा लावा. त्याच वेळी सगळ्या जोडांवर हात फिरवून बघा, जो जोड चटका देतो तो परत करायचा.

परवानगीचं तुम्हाला माहीत असेलच तरी, मोठ्या जलाशयांची मासेमारी मत्स्य महासंघ आणि स्थानिक समित्यांच्या हातात आहे, त्यांना विचारूनच बोट टाका, आणि १६ जून ते १५ ऑगस्ट अंड्यांचा काळ म्हणून आपल्या मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते. यशवंत सागर घराजवळ आहे म्हणून ट्रायल तिथे घेऊ असं डोक्यात असेल तर नको, ते शहराच्या पिण्याचं पाणी आहे आणि २०२२ पासून सिरपूर तलावासारखंच पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे, पक्ष्यांची जागा आहे ती. महाशीर लागला तर सोडून द्या, आपल्या राज्याचा मासा आहे, दिवसेंदिवस कमी दिसतो, मला स्वतःला नर्मदेवर तो लागलेला बघून किती वर्षं झाली. आणि बॅटरी कितीही भरलेली असो, दोन वल्ही आणि दोन लाइफ जॅकेट बोटीत पाहिजेतच, जॅकेट अंगावर, सीटखाली नाही.

आता तुम्ही एवढं करा, फळीची जाडी, दोघं बसल्यावर फळीच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर, आणि ठोकून बघितल्यावर भद्द आवाज कुठे-कुठे येतो ते खडूने खुणा करून फोटो, या तीन गोष्टी मला कळवा. शाफ्ट ३० चा का ३६ चा आणि पॅड केवढा कापायचा ते त्यावरून सांगतो, तोपर्यंत मोटरची ऑर्डर टाकू नका.